धोक्याची सूचना : घंटेपासून बिनतारी संदेशापर्यंत

ज्युबिलीच्या ह्या स्मारक-पुस्तिकेंत आपल्या देवळाची, शाळेची व निरनिराळ्या मंडळांची हकीकत इतरत्र आलेली आहे. प्रस्तुत लेखांत एका निराळ्या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें योजिलें आहे. गांवावर संकट चालून येत असतां तें गांवकऱ्यांस कळविण्याची व्यवस्था मनुष्यानें कशी उभी केली, ती कोठें सफल झाली व कोठें फसली, हा तो विषय होय. वरवर पाहतां हा प्रश्न सरकारी खात्यांचा व यंत्रज्ञांचा वाटेल. परंतु त्याच्या इतिहासांत देवळाच्या घंटेला आणि कांहीं विद्वान धर्मगुरूंना मोठें स्थान आहे. आणि समुद्रकांठीं राहणाऱ्या आपल्यासारख्या लोकांच्या तर तो जिवाशींच निगडित आहे.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या तेहतिसाव्या अध्यायांत पहारेकऱ्याचा दृष्टांत आहे. शत्रु येत असलेला पाहूनही जो पहारेकरी कर्णा फुंकीत नाहीं, त्याजकडे मेलेल्यांच्या रक्ताचा जाब मागितला जाईल; पण कर्णा ऐकूनही जो सावध होत नाहीं, त्याचा दोष त्याच्याच माथीं राहील, असा त्याचा आशय आहे. ह्या विषयाचें सारें मर्म त्यांत आलें. संकट अगोदर ओळखणारा एक, तें कळविणारा दुसरा, आणि ऐकून हालणारा तिसरा, अशी ही तीन दुव्यांची सांखळी आहे. पहिला दुवा शास्त्रानें बळकट केला, दुसरा यंत्रानें. तिसरा दुवा विश्वासाचा आहे, आणि सांखळी तुटते ती बहुधा तेथें किंवा त्याच्या अगदीं जवळ तुटते, हें पुढील हकीकतींवरून दिसून येईल.

घंटेचा काळ

युरोपांत कित्येक शतकें गांवाचा पहारेकरी म्हणजे देवळाचा मनोरा होता. प्रार्थनेच्या घंटेचा नाद निराळा, मृत्युघंटेचा निराळा, आणि आग, पूर किंवा शत्रु आला असतां वाजवावयाच्या घंटेचा निराळा. ही शेवटली घंटा जलद व अखंड वाजे, आणि लहान मूलही तिचा अर्थ ओळखी. ज्याला वाचतां येत नाहीं त्यालाही ती समजे, आणि निजलेल्याला ती जागें करी. पाटलाच्या वाड्यांत व मजुराच्या झोपडींत ती सारखीच ऐकूं जाई. उणीव एवढीच कीं, संकट कोणतें, तें किती दूर आहे, आणि धांवावयाचें कोणत्या दिशेस, हें घंटा सांगूं शकत नसे.

मेघगर्जना होत असतां घंटा वाजविली म्हणजे वीज टळते, अशीही त्या काळीं अनेक ठिकाणीं समजूत होती. परिणाम असा झाला कीं, उंच मनोऱ्यावर वीज कोसळून दोर हातांत धरलेले कित्येक घंटावाले प्राणांस मुकले. सद्भावनेला ज्ञानाची जोड नसली तर पहारेकरीच प्रथम बळी पडतो, हा धडा त्यांत आहे.

घंटेच्या शब्दाला किती वजन असे, ह्याचें एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धांतलें आहे. १९४० च्या जून महिन्यांत इंग्लंडांतील सर्व देवळांच्या घंटा सरकारनें बंद केल्या. शत्रूचें सैन्य आकाशांतून उतरलें तरच त्या वाजवावयाच्या, असा हुकूम निघाला. त्याच वर्षीं ७ सप्टेंबरच्या रात्रीं सैन्याला सज्जतेचा संकेत मिळतांच कांहीं गांवीं शत्रु उतरल्याच्या समजुतीनें घंटा वाजल्या आणि लोकांत घबराट उडाली. शत्रु आलाच नव्हता. सूचनेचा अर्थ सर्वांस एकच ठाऊक असावा लागतो. अर्थांत घोटाळा झाला कीं सूचना स्वतःच संकट बनते.

आपल्या वसई प्रांताच्या घंटांचा इतिहास वाचकांस परिचित आहे. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई जिंकल्यावर येथील देवळांच्या घंटा घांटावर नेल्या. त्यांतील एक वाईजवळ मेणवली येथें आहे व तिच्यावर १७०७ हें साल आहे. दुसरी नासिक येथें गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे. त्याच घाटावर दुतोंड्या मारुतीची मूर्ति असून तिच्यावरून पुराचें माप घेण्याची नासिककरांची वहिवाट आहे. पाणी मारुतीच्या कमरेस लागलें, छातीस लागलें, एवढें कानीं पडलें कीं कोणीं सामान हलवावें हें नदीकांठच्या जाणत्या माणसांस समजतें. तेथें आंकड्यांची गरज पडत नाहीं, कारण ती खूण पिढ्यान्पिढ्या सर्वांच्या ओळखीची आहे.

हवाना व मनिला

एकोणिसाव्या शतकांत वायुभारमापकाला तारायंत्राची जोड मिळाली आणि वादळ दिसण्यापूर्वींच तें ओळखण्याची शक्यता उत्पन्न झाली. ह्या कामीं येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं केलेली सेवा जगमान्य आहे.

क्युबा बेटांत हवाना येथील बेलेन विद्यालयाच्या वेधशाळेचे प्रमुख म्हणून फादर बेनितो विन्येस १८७० सालीं रुजू झाले. दररोज अनेक वेळां वायुभार, वारा व ढग ह्यांची नोंद ते करीत. वादळाच्या मध्यापासून फार उंचीवर पिसाऱ्यासारखे पातळ पांढरे ढग बाहेर फांकतात. त्यांच्या दिशेवरून वादळाचा मध्य कोठें आहे व तो कोणीकडे चालला आहे, हें ओळखण्याची रीत त्यांनीं बसविली. ११ सप्टेंबर १८७५ रोजीं हवानाच्या वर्तमानपत्रांतून त्यांनीं मोठें वादळ येत असल्याची सूचना प्रसिद्ध केली, आणि दोन दिवसांनीं क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर तें येऊन थडकलें. तेव्हांपासून नावाडी व व्यापारी त्यांच्या शब्दाची वाट पाहूं लागले. १८९३ सालीं त्यांचें देहावसान झालें.

फिलिपाइन बेटांतही असेंच घडलें. मनिला येथील येशूसंघाच्या विद्यालयांत १८६५ सालीं वेधशाळा निघाली. तिचे प्रमुख फादर फेदेरिको फाउरा ह्यांनीं ७ जुलै १८७९ रोजीं, उत्तर लुझोनवरून तुफान जाणार असल्याची सूचना दिली, आणि ती खरी ठरली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत खुद्द मनिलावर येणाऱ्या तुफानाची वर्दी त्यांनीं दोन दिवस अगोदर दिली. बंदराधिकाऱ्यांनीं जहाजें आवरून धरल्यामुळें मनिलांत हानि थोडी झाली. इतर ठिकाणीं मात्र पुष्कळ जहाजें फुटलीं. १८८४ सालीं स्पेन सरकारनें ह्या वेधशाळेस अधिकृत मान्यता दिली. फादर फाउरांनीं पुढें असा वायुभारमापक तयार केला कीं, त्याच्या तबकडीवरच हवेचा अर्थ लिहिलेला असे. गलबतावरच्या साध्या तांडेलालाही धोका वाचतां यावा हा त्यांचा हेतु. विद्वत्ता वेधशाळेंत कोंडून न ठेवतां ती शिडाच्या नावेपर्यंत पोंचविली, ह्यांतच ह्या धर्मगुरूंचें खरें मोठेपण आहे.

गॅल्व्हेस्टनचा धडा

आतां ह्याच्या उलट बाजूची हकीकत. १८९८ च्या युद्धानंतर क्युबा अमेरिकेच्या अंमलाखालीं आला. वॉशिंग्टन येथील हवामानखात्याच्या वरिष्ठांस क्युबांतील अभ्यासकांचीं भाकितें नकोशीं झालीं होतीं. १९०० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस त्यांनीं खटपट करून क्युबांतील सरकारी तारांवरून तेथल्या अभ्यासकांच्या वादळाच्या बातम्या पाठविण्यास बंदी घालविली. नेमकें त्याच वेळीं एक वादळ क्युबा ओलांडीत होतें. फादर विन्येस ह्यांचे उत्तराधिकारी फादर गांगोइती व इतर क्युबन अभ्यासक म्हणत होते कीं, हें वादळ मेक्सिकोच्या आखातांत शिरून टेक्ससकडे जात आहे. वॉशिंग्टनचें मत असें पडलें कीं, तें फ्लॉरिडाकडे वळेल.

८ सप्टेंबर १९०० रोजीं तें टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन शहरावर आलें. समुद्रानें सारें बेट बुडविलें आणि सहा हजारांहून अधिक माणसें मेलीं. समुद्रकिनाऱ्यावरील सेंट मेरी अनाथाश्रमांत दहा भगिनी व सुमारें नव्वद मुलें होतीं. पाणी चढूं लागलें तेव्हां भगिनींनीं कपडे वाळविण्याच्या दोरीनें मुलांस आपल्या कमरेशीं बांधून घेतलें. दहाही भगिनी गेल्या. मुलांपैकीं तीन मोठे मुलगे तेवढे वांचले. ज्ञान हवानांत होतें, तारही होती. तारेच्या दोन टोकांमध्यें मनुष्याचा अहंकार आडवा आला. यंत्र बिघडलें तर दुरुस्त होतें. पण दुसऱ्याचें ऐकावयाचेंच नाहीं असें ठरविलें तर त्याला औषध नाहीं.

आपल्या देशांत

आपल्या देशांत ह्या व्यवस्थेचा आरंभ एका भयंकर आपत्तीनें झाला. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळानें समुद्र हुगळी नदींतून कलकत्त्यापर्यंत चढला आणि सुमारें साठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढल्याच वर्षीं, १८६५ सालीं, कलकत्ता बंदरांत वादळाची सूचना देण्याची पद्धत सुरू झाली. ह्याच सुमारास कलकत्त्याच्या सेंट झेवियर महाविद्यालयांत बेल्जियमचे फादर यूजीन लाफों ह्यांनीं गच्चीवर साधीं उपकरणें मांडून हवेच्या नोंदी घेण्यास आरंभ केला होता. १८६७ च्या नोव्हेंबरांतील वादळाची वर्दी त्यांनीं अधिकाऱ्यांस वेळेवर दिल्यामुळें अनेकांचे प्राण वांचले. १८७५ सालीं भारतीय हवामानखातें स्थापन झालें.

बंदरावरील खुणा आपल्या कोळी बांधवांस सांगावयास नकोत. ह्या खुणा एकपासून अकरापर्यंत आहेत. दिवसा शंकूच्या व नळकांड्याच्या आकाराच्या काळ्या खुणा डोलकाठीवर चढतात, रात्रीं त्यांच्या जागीं तांबडे व पांढरे दिवे लागतात. 'तीन नंबरचा बावटा लागला' हें वाक्य आमच्या किनाऱ्यावर म्हातारीकोतारीसही समजतें. घंटेला जें सांगतां येत नव्हतें तें, म्हणजे धोका किती मोठा आहे हें, बावटा सांगूं लागला.

तथापि सूचना देण्याची साधनें असूनही लोक अंधारांत राहिल्याचीं उदाहरणें आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, मागोमाग खडकवासल्याचें फुटलें, आणि पुणें शहराचा मुठेकांठचा भाग दिवसाढवळ्या पाण्याखालीं गेला. पानशेतचा बांध धोक्यांत आहे हें आदल्या दिवसापासून ठाऊक होतें. जवान रात्रभर वाळूच्या पोत्यांनीं तो थोपवून धरीत होते. पण नदीकांठच्या पेठांतील रहिवाशांस वेळेवर व स्पष्ट शब्दांत सूचना मिळाली नाहीं. लोक घाबरतील ह्या भीतीनें सूचना लांबविण्याचा मोह अधिकाऱ्यांस नेहमींच होतो. घाबरलेला मनुष्य पळून तरी जातो. ज्याला कांहींच कळविलें नाहीं त्याला तीही सवड मिळत नाहीं.

विश्वासाचा दुवा

१९७० च्या नोव्हेंबरांत, १२ तारखेच्या रात्रीं, तेव्हांच्या पूर्व पाकिस्तानांतील भोला व आसपासच्या बेटांवर चक्रीवादळ आलें आणि निदान तीन लाख माणसें बुडालीं. रेडिओवरून सूचना दिली गेली होती. परंतु थोड्याच आठवड्यांपूर्वीं दिलेली अशीच एक सूचना फोल ठरली होती, आणि ह्या वेळीं समुद्र किती चढेल व काय करावें हें स्पष्ट सांगितलें गेलें नव्हतें. लोक घरांतच राहिले.

पुढें १९७२ पासून बांगलादेशानें रेड क्रॉसच्या सहकार्यानें गांवोगांवचे स्वयंसेवक तयार केले. धोका वाढेल तसे एक, दोन, तीन बावटे लावावयाचे, हातांत कर्णा घेऊन दारोदार फिरावयाचें, हातानें फिरविण्याचा भोंगा वाजवावयाचा, आणि वृद्धांस व बायकामुलांस निवाऱ्यांत न्यावयाचें, असें त्यांचें काम. २००७ सालीं सिद्र नांवाचें प्रचंड वादळ त्याच देशावर आलें तेव्हां मृतांची संख्या सुमारें साडेतीन हजार होती. दुःख तेंही मोठेंच. पण तीन लाखांच्या मानानें पाहतां ह्या स्वयंसेवकांचें मोल ध्यानांत येतें.

ओरिसाची गोष्ट तशीच आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळांत तेथें सुमारें दहा हजार लोक मेले. त्यानंतर किनाऱ्यावर शेंकडों निवारे बांधले गेले आणि लोकांस सराव दिला गेला. २०१३ च्या ऑक्टोबरांत फैलिन वादळ आलें तेव्हां सुमारें दहा लाख लोक अगोदर हलविले गेले आणि मृत्यु पन्नासाच्या आंत राहिले. २०१९ च्या मे महिन्यांत फानी वादळाच्या वेळीं बारा लाख लोक हलविण्यांत आले. हीं वादळेंही मोठींच होतीं. फरक पडला तो सूचना मानून उठणाऱ्या माणसांत व त्यांना हाताला धरून नेणाऱ्यांत.

समुद्राचे दोन घाव

२६ डिसेंबर २००४ हा नाताळानंतरचा रविवार होता. त्या सकाळीं सुमात्रा बेटाजवळ मोठा भूकंप झाला आणि त्यापासून उठलेल्या त्सुनामी लाटांनीं हिंदी महासागराच्या कांठीं दोन लाखांहून अधिक जीव घेतले. वेलांकण्णीच्या मातेच्या दर्शनास आलेले पुष्कळ यात्रेकरू त्यांत होते. भूकंपानंतर आपल्या पूर्व किनाऱ्यावर लाट पोंचण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. पण ह्या महासागरासाठीं सूचनेची व्यवस्थाच नव्हती. उलट सुमात्राजवळील सिमेउलुए ह्या बेटावर लाट अवघ्या कांहीं मिनिटांत आली, तरी सत्तर हजारांहून अधिक वस्तींत सातच माणसें मेलीं. तेथें १९०७ च्या लाटेची आठवण आजीआजोबांनीं गोष्टींतून व गाण्यांतून जपली होती : जमीन जोरानें हालली व समुद्र मागें हटला कीं डोंगराकडे धांवा. यंत्र नव्हतें, तार नव्हती. पण सूचना घराघरांत अगोदरच देऊन ठेविलेली होती. २००७ सालीं हैदराबाद येथें आपल्या देशाचें त्सुनामी-सूचना केंद्र सुरू झालें.

दुसरा घाव २०१७ सालचा. नोव्हेंबरच्या अखेरीस ओखी चक्रीवादळ कन्याकुमारी व केरळच्या समुद्रांत उठलें. वादळाची स्पष्ट सूचना ३० नोव्हेंबरला निघाली, तोंपर्यंत किती तरी होड्या दूर समुद्रांत गेलेल्या होत्या. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइल फोन चालत नाहीं. तेव्हां त्या होड्यांना हाक मारण्याचें साधनच नव्हतें. तीनशेंहून अधिक मच्छीमार मेले किंवा बेपत्ता झाले. त्यांतील बहुसंख्य आपले कॅथलिक धर्मबंधु होते. पूंतुरा, विळिंजम, तूत्तूर अशा गांवांच्या देवळांतून बेपत्ता झालेल्यांच्या याद्या तयार झाल्या आणि शोधासाठीं सरकारकडे दाद मागण्याचें काम तेथील धर्मगुरूंनीं केलें. ह्या आपत्तीनंतर उपग्रहाद्वारें खोल समुद्रांतील होड्यांस संदेश पोंचविणारीं उपकरणें पुढें आलीं.

बिनतारी संदेश

२००५ च्या कायद्यान्वयें आपल्या देशांत आपत्ति-व्यवस्थापनाचें प्राधिकरण स्थापन झालें. २०२३ सालीं अनेकांच्या मोबाइल फोनवर अकस्मात् मोठा आवाज होऊन चांचणीचा संदेश उमटला, तें ह्याच व्यवस्थेचें काम. ही युक्ति समजून घेण्यासारखी आहे. नेहमींचा संदेश एकेका क्रमांकास पाठवावा लागतो आणि गर्दी झाली कीं तो तुंबतो. ह्या नव्या पद्धतींत मनोराच आपल्या टप्प्यांतील सर्व फोनांस एकदम हाक मारतो. क्रमांक ठाऊक असण्याची गरज नाहीं. परगांवचा पाहुणा असला तरी त्यालाही तो ऐकूं जातो. आणि केवळ धोक्यांत असलेल्या भागापुरताच तो धाडतां येतो. वाचक म्हणतील कीं, ही तर देवळाची घंटाच झाली. आणि तें खरें आहे. मनोरा बदलला, टप्पा वाढला, आणि आतां घंटेला शब्द फुटले.

परंतु घंटेचा दुबळेपणाही तिच्याबरोबर आला आहे. वीज गेली, मनोरा पडला, फोन बंद असला, तर संदेश पोंचत नाहीं. ज्या वृद्धेला फोन वापरतां येत नाहीं, जो बहिरा आहे, जो अंथरुणाला खिळलेला आहे, त्याच्यापर्यंत शेवटचीं पन्नास पावलें मनुष्यानेंच चालावीं लागतात. शिवाय लोकांनीं न तपासतां एकमेकांस धाडलेल्या खोट्या वार्तांमुळें खऱ्या सूचनेवरचा विश्वास उडतो. तेव्हां अशी वार्ता पुढें ढकलणारा मनुष्य खेळ म्हणून देवळाची घंटा वाजविणाऱ्याइतकाच दोषी समजला पाहिजे.

ज्युबिलीच्या वर्षीं आपण पूर्वजांचे उपकार स्मरतों. त्यांनीं मनोरा बांधला तो केवळ शोभेसाठीं नव्हे. ह्या वर्षाची खूण म्हणून आपल्या पॅरिशांत चार गोष्टी ठरविल्या जाव्यात असें सुचवावेंसें वाटतें. संकटाच्या घंटेचा नाद कोणता हें सर्वांस सांगून तो इतर वेळीं कधींही वाजवूं नये. प्रत्येक आळींतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांचीं व आजाऱ्यांचीं नांवें लिहून त्यांस हलविण्याची जबाबदारी शेजारच्या तरुणांपैकीं एकेकावर सोंपवावी. पुराच्या व वादळाच्या वेळीं शाळेच्या इमारतीची किल्ली कोणाजवळ असेल हें अगोदर ठरवावें. आणि बावटा लागल्यावर समुद्रांत न जाणाऱ्या घरास, त्या दिवसांची चूल पेटती राहावी म्हणून, आपल्या धर्मादाय मंडळानें हात द्यावा. कारण पोटाच्या भीतीपुढें बावट्याची भीति बहुधा हरते.

पहारेकऱ्याच्या दृष्टांतांत कर्णा एकाच्या हातीं आहे. आज तो आपणां सर्वांच्या खिशांत आहे. म्हणून जाबही आपणां सर्वांसच द्यावा लागेल.